जगदेवले डिग्री हाये

मुक्काम जऊळका, जेठ वद्य, बेस्तरवार. (तिथी लिवली नाई. पंचांग दौलतच्या उशाखाली हाये अन् दौलत त्याच्यावर घोरून राह्यला.)

किन्हीराजा गावची माही धाकली बहीण सौभाग्यवती मनकर्णा, हिले मोठ्या बहिणीचा, म्हणजे गोजराचा, तोंडभर आशीर्वाद. अठी सारे धडधाकट हायेत, एक जगदेव सोडून. जगदेवही धडधाकटच हाये, पण ते पुढं सांगतो. तुहे गुडघे कसे हायेत? एरंडाचं पान बांधलं काय? नसन बांधलं. तू लहानपणापासून औषध दुसऱ्याले सांगाले हुशार. तुह्या घरच्याईचा खोकला, म्हशीचा पान्हा अन् सुनेचं तोंड, ह्या साऱ्याची खुशाली कळवजो, सुनेच्या तोंडाची पह्यले. पत्राले उशीर झाला कारण घरात शाई नव्हती. म्हणजे होती, पण जगदेवनं तिच्यात कायची तरी पुडी टाकून पाह्यली अन् काळीची पांढरी झाली. आता काजळात पाणी घालून लिवून राह्यली. (बरंच झालं. पत्राले नजर लागणार नाई.)

तुले माहीत हाये, माहा नातू जगदेव नागपूरले शिकते. तीन वर्सं झाले, एक राह्यलं. पण तो काय शिकते हे गावात कोणाले धड सांगता येत नाई. त्याचा बाप दौलत सांगते इंजिनेर, तं लोक म्हणतात, मंग कपाशीच्या जिनातलं इंजिन हाकलन. त्याची माय कस्तुरा सांगते, औषधं करते, तं बाया खोकलणारी लेकरं काखेत मारून ओसरीवर येऊन बसतात. मले मात्र त्यानं नीट समजून सांगतलं. आजी, म्हणे, तू घरी चार माणसाची डाळ शिजवतं ते एक, अन् लग्नात हजार पानाची शिजवतं ते दुसरं. हजार पानाले मीठ त्याच हिशोबानं टाकलं तं डाळ खारट होते, आच तेवढी लावली तं बुडाले करपते अन् वरतं कच्ची राह्यते. काचेच्या लोट्यात जे होते, तेच विहिरीएवढ्या हंड्यात, हंडा फुटू न देता कसं करावं, हे आमी शिकतो. मले पटलं. ह्यालेच केमिकल इंजिनेर म्हणतात. म्हणजे आचारीच, पण त्याच्या हातचं खाचं नाई.

ह्या शिक्षणाच्या खुणा पोराच्या आंगावर हायेत. तेजाबानं सदऱ्याले भोकं पडलेत (कस्तुरा दोन वर्सं कसरीले शिव्या देत होती, पेटीत कडुनिंबाचा पाला घालत होती), अन् उजव्या हाताची बोटं पिवळीजर्द. कितीही घासा, जात नाई. आपलं गाव कसं हाये तुले माहीत हाये. विहिरीवर इचारतात, काहो गोजराबाई, नातवाले हळद चोरून लावली काय?

तं ते हळदीचं बोलणं खरंच व्हाले लागलं होतं. शेलूबाजारचे पुंजाजी पाटील हायेत ना, कपाशीच्या जिनाचे मालक, त्याईची एकच लेक हाये, सोनी. त्याईचा निरोप आला की पोरगा पसंत हाये, जेठातच लगन लावून टाकू, अन् लगन झाल्यावर नागपूर बंद. जावयानं आमच्या जिनात गादीवर बसावं, कायले धूर खात फिरते. दौलत तं हरकून गेला. म्हणे, माय, शिकून शेवटी नोकरीच कराची, मालकच होते तं वाईट काय? आता जगदेवचं तुले माहीत हाये. बापापुढं त्यानं तोंड उघडलं तं ते जांभईसाठीच. दोन दिवस जेवला नाई. मंग एका दुपारी आपली पुस्तकं जुन्या धोतरात बांधली, माह्या कोठीपाशी आणून ठेवली अन् म्हणे, आजी, ह्याईले उदई-वाळवी लागू देऊ नको. मनकर्णे, रडला असता तं मी डोक्यावर हात फिरवून गप केला असता. पण तो रडला नाई वं. गाठ मात्र अशी मारली होती, की सुटू नये.

मंग पाटील घर पाहाले आले. संगं त्याईचा रामधन, जो वाशीमच्या दवाखान्यात कंपौंडर होता अन् आता पाटलाच्या पाठीमागं बॅग घेऊन फिरते. (पाटलाले आपल्या तब्येतीची लय काळजी. शिंक आली तं रामधन, जांभई आली तं रामधन.) मी शेवयाची खीर केली होती, कंट्रोलची साखर जीव मुठीत धरून टाकली होती. दौलत बैल दाखवाले गोठ्यात गेला, अन् पाटील माह्यापाशी बसले. मोठ्या मायेनं इचारलं, आजीबाई, पोरगा एवढे दिवस नागपूरले हाये, त्याले भेटते काय तठी? आता मी अडाणी बाई, जे खरं ते सांगतलं. म्हणलं, डिग्री.

पाटलाचा हात मिशीवरच थांबला.

"डिग्री? कवापासून?"

"तीन वर्सं झाले की."

"तीन वर्सं! अन् उतरत नाई?"

"उतरते कायले, पाटील? वाढूनच राह्यली. येत्या साली पुरी होईन."

"अरे देवा. घराण्यात आणखी कोणाले?"

"नाई बापा. आमच्यात हाच पह्यला."

"म्हूनच नागपूरले ठेवला म्हणा."

"मंग? अठी कोठी सोय हाये त्याची?"

पाटील जरासे मांगं सरकले अन् हळूच म्हणे, "दुसऱ्याले लागते काय?"

"त्याच्या खोलीतल्या साऱ्याच पोराईले हाये," मी सांगतलं.

खरं सांग, मनकर्णे, ह्यात एक तरी शब्द खोटा हाये काय? मांगं पाटलाले हिवताप आला होता, तवा डॉक्टर त्याईच्या खाटेपाशी उभा राहून 'चांगली डिग्री हाये' म्हणला होता, अन् पाटील महिनाभर गोधडीतून निघाले नव्हते. आता त्याईच्या डोक्यात डिग्री म्हणजे तेवढंच असन, तं त्याले मी काय करू? तेवढ्यात जगदेव पाण्याचा तांब्या घेऊन आला. पाटलानं तांब्या नाई पाह्यला, बोटं पाह्यली. पिवळी. तोंड पाह्यलं. दोन दिवसाचं उपाशी. पाटील ओरडले, रामधन, लाव!

रामधननं बॅगीतून काचेची कांडी काढली अन् जगदेवच्या तोंडात खुपसली. पोरगं आज्ञाधारक, मोठ्याईनं दिलं ते तोंडात धरलं. काही सांगाले गेला तं रामधननं हनुवटी दाबली. दौलतही गोठ्यातून धावत आला. रामधननं कांडी उजेडात धरली अन् म्हणे, अठ्ठ्याण्णव डिग्री.

"अठ्ठ्याण्णव!" दौलत मटकन खाली बसला. "शंभराले दोनच कमी!"

"मालक, एवढी तं साऱ्याईलेच राह्यते," रामधन सांगाले लागला.

"साऱ्याईले?" पाटील उभेच झाले. "म्हणजे साऱ्या घरात हाये?"

रामधन बिचारा सरळ माणूस. (त्या वक्ती मले तसं वाटलं.) समजूत पटावी म्हून त्यानं तीच कांडी धुतली, झटकली अन् पाटलाच्या तोंडात ठेवली. पाहा, म्हणे, तुमालेही अठ्ठ्याण्णवच. वो माय, मंग काय इचारतं! घडीभर बसलो नाई अन् मलेही लागली, असं म्हणत पाटलानं जोडे हातात घेतले, खीर तशीच ठेवली अन् दमणीत चढले. बैल जुपाले जेवढा वेळ लागला तेवढाही दम निघेना. खीर मी अन् कस्तुरानं खाल्ली. चांगली झाली होती. इलायची जास्त पडली जराशी.

पाटील गेल्यावर जगदेवले बापाची दया आली. आजवर न बोललेला पोट्टा, बोलला तो त्या दिवशी. म्हणे, बाबा, ऐका. डिग्री म्हणजे ताप नाई. डिग्री भेटते त्या दिवशी आमाले काळा पायघोळ झगा घालतात, वरतं गोंडा लावतात अन् एक सायेब हातात कागदाची सुरळी देते. दौलतनं माह्याकडं पाह्यलं, डोये पाण्यानं भरले अन् म्हणे, माय, बरळाले लागला. मी पोराच्या कपायावर ओल्या फडक्याची घडी ठेवली अन् फडक्याखालून त्याचा कान असा पिळला, की तो मुकाट्यानं निजला.

मंग दौलतले समजून सांगतलं. म्हणलं, बापा, ह्याचा कोर्स नागपूरलेच हाये. चार वर्साचा कोर्स, तीन वर्सं झाला. आता तू सांग, कुनैनचा कोर्स अर्धा सोडला तं काय होते? दौलत म्हणे, उलटते. म्हणलं, मंग? ते त्याले पटलं. आषाढ लागला की सर्व्हिस मोटरीनं मूर्तिजापूर अन् तठून आगगाडीनं नागपूर, असं ठरलं. (मोटर आता पेट्रोलवर चालते म्हणतात. लढाईत कोळशावर चालत होती तवा जगदेव ड्रायव्हरच्या मांगं बसून त्याले कोळशातून गॅस कसा निघते ते सांगत गेला अन् मोटर चढावर बंद पडली. ड्रायव्हर म्हणे, पोरा, तू बोलून राह्यला म्हून ती ऐकत बसली.) पुस्तकाची गाठ मी इळ्यानं कापली. जगदेव आता दोन भाकरी जास्त खाते, दौलत म्हणते, तापाची भूक हाये, खाऊ द्या. असं सारं देवाच्या दयेनं मार्गी लागलं. तुह्या सुनेले आशीर्वाद, लेकराईले मुके, म्हशीच्या पाठीवर हात. जिवाले जपजो.

तुही,
गोजरा

ता. क. हे पत्र तू एकलीनंच वाच, कोणाकडून वाचून घेऊ नको. (हे वरतं लिवाले पाह्यजे होतं काय? जो कोणी वाचून राह्यला असन त्यानं अठीच थांबावं, नाई तं त्याले डिग्री लागन.) सारं मार्गी लागलं असं मी लिवलं खरं, पण लागलं नाई. कस्तुरा म्हणते देवऋषीले दाखवू, चार महिने पोराले घरीच ठेवू, नागपूरचं पाणी बाधलं. चार महिने घरी राह्यला तं त्याचं वर्स गेलं, अन् वर्स गेलं तं तो पुन्हा जाणार नाई, मले माहीत हाये. दौलत दोघीच्या मधात लटकला. तो येत्या आयतवारी तुह्याकडं येऊन राह्यला. म्हणते, मावशीले इचारतो, तुमच्या माहेराकडं कोणाले असं होतं काय अन् कायनं उतरलं. मावशी सांगन तसं करू. तं तू सांगजो, होतं. मोठ्या मामाचं नाव घेऊ नको, मामा विहिरीत पडला हे दौलतले माहीत हाये. आपल्या काकाचं घे. काका काशीले गेला तो आला नाई, त्याचं कोणालेच काही माहीत नाई. तं तो डिग्रीचा कोर्स पुरा कराले गेला होता अन् इतका बरा झाला की अठी वापस याची गरजच नाई पडली, असं सांगजो. तुले माहीत हाये, मी खोटं बोलत नाई. म्हून तं तुले सांगून राह्यली.

आणखी ता. क. डिग्रीचे दोन अर्थ मले पाटील घरी आले त्याच्या आधीपासून माहीत होते. जगदेवनंच सांगतले होते, हसता हसता. ते जाऊ दे.

शेवटचं ता. क. हे पत्र ज्याच्या हातानं पाठवून राह्यली तो रामधनच हाये. आज पाटलानं त्याले पोराची तब्येत इचाराले पाठवलं, संगं टोपलीभर डाळिंबं. (माणूस मनानं चांगला हाये, मले वाईट वाटलं. डाळिंबंही चांगली हायेत.) जाता जाता रामधन चुलीपाशी आला अन् गालात हसत सांगाले लागला. म्हणे, सोनीनं मले इचारलं, बाबाले किती निघाली? मी म्हणलं, अठ्ठ्याण्णव. तं ती सरकीच्या ढिगावर बसून डोयातून पाणी येईस्तोवर हसली. (मराठी सातवी पास हाये म्हणे, पेपर वाचते. मले कोणी सांगतलं नव्हतं.) मंग पदरानं तोंड पुसलं अन् बापाजवळ जाऊन एकदम गंभीरपणे म्हणे, बाबा, नागपूरची डिग्री वर्सभरात आपोआप पुरी होते. मंग तो माणूस लाखात एक निघते. तवरक माह्यासाठी दुसरीकडं पाहू नका, सोयरीक मधातच मोडली तं लागण आपल्याच घरी राह्यते. पाटलानं ते मानलं. अन् मले तिनं निरोप धाडला हाये: आजीले सांगजो, पुढच्या बारीले काही सांगाचं असन तं मले आधी कळवजा, दोघीचं सारखं आलं पाह्यजे.

मी रामधनकडून तो निरोप तीनदा वदवून घेतला अन् तीनदा चहा पाजला. मनकर्णे, असं पोट्टं ह्या घरात आलं तं माहं कसं होईन वं? तवा आयतवारी दौलतले जे सांगशील ते मले लगोलग कळवजो, मले तिले कळवाचं हाये.