बिब्याचा एक टिपका

२ डिसेंबर, सोमवार

लंगडते! सकाळी खाटेवरून उतरली अन् पहिली चार पावलं निरा म्हातारीवानी. मी चुलीपाशी होती. म्हटलं, वैष्णवे, टाचेले काय झालं? म्हणते — काही नाही आजी, पाय झोपला होता.

पाय झोपला होता! अडुसष्ट वर्षं झाली मले पाय वापरता. झोपलेला पाय कोणता अन् दुखणारा कोणता, मले कळत नाही काय!

ही वही तिचीच. तिच्या हरीओम सरनं दिली होती — रोज किती धावली अन् काय दुखलं ते लिहीत जाय म्हणून. नातीनं चार दिवस लिहिलं. बाकीची कोरी पानं मी घेतली. चौथीपर्यंतचं अक्षर आहे माहं, पण लागते वाचाले. काय दुखलं ते ती लिहीत नसन, तर मी लिहितो.

४ डिसेंबर

बाटलीत पाण्याचा बर्फ करते अन् पायाखाली घेऊन लाटत बसते. पोळ्या लाटाले सांगा, तवा अंग दुखते!

सून वर्षाराणी म्हणे, "लाटू द्या ना आत्याबाई. मोबाइलवर पाह्यलं असन काही."

बावीस तारखेले वाशिमले निवड आहे. दहा किलोमीटर. पहिल्या सहा पोरी राज्याले जातात. मागच्या साली ही सातवी आली. तवापासून घरात सहा हा आकडा कोणी काढत नाही. पोळ्या किती टाकू विचारलं तरी पाच नाही तर सात!

९ डिसेंबर, सोमवार

तिले घेऊन वाशिमले गेली एसटीनं. जगदेवले — माह्या लेकाले, तिच्या बापाले — सांगतलं, माहे डोळे दाखवाले चाललो.

डॉक्टरनं टाच दाबली. पोट्टीनं माहा हात असा धरला का बांगडी रुतली. तोंडातून मात्र हूं नाही.

"तळपायाची शीर सुजली आहे," डॉक्टर म्हणे. "सहा आठवडे धावणं बंद."

"अन् बावीसले ही धावलीच तर?" मी विचारलं.

"फाटली तर धावणं विसर बाई. चालतानाही लंगडशील, जन्मभर."

परतताना खिडकीतून बाहेर पाहत होती. शिरपूर आलं तवा म्हणे, "आजी, बाबाले नको सांगू."

"अन् त्यानं माह्या डोळ्यायचं विचारलं तर?"

"सांग, सारं साफ दिसते."

११ डिसेंबर

तिचे बूट ओट्यावर वाळत होते. एक एक बूट का पावाची लादी! अन् त्यात बसून पाय दुखते.

माहं माहेर वाशिमच्या पल्याड, रुळाच्या कडेले. बाबा रेल्वेत गँगमन. बाराच्या आत त्यायची भाकर पोचवाची, रुळाच्या कडेकडेनं, दोन कोस. चप्पल कोणाच्या पायात होती तवा! फडक्यात ज्वारीच्या दोन भाकरी, ठेचा अन् वर एक कांदा. गाठोडं पाठीले बांधलं का धावताना तो कांदा बरोबर मणक्यावर बसे. ठक, ठक, ठक. गिट्टी भाजे म्हणून लाकडाच्या स्लीपरावरून उड्या घेत जाय. डांबराचा वास. तुरीतून उडालेले पोपट. अन् मागून छोट्या लाइनीची गाडी! ड्रायव्हर मले ओळखे. दुरूनच शिट्टी देई. शिट्टी आली का मी अजून जोरात. आजही कुठं शिट्टी वाजली का माहा अंगठा आपोआप भुई दाबते.

एक दिवस नाल्याच्या पुलावरच गाडीनं गाठलं. मी पहिले पार झाली. गाडी इतकी जवळून गेली का परकराचा घेर उडाला. बाबानं घरी येऊन हसून हसून सांगतलं — "पोट्टीनं गाडी हरवली!" सारे हसले. माय भाकर थापत होती. ती हसली नाही.

१२ डिसेंबर

अंधारातच गेली होती पुन्हा. आली तवा उजवा बूट हातात.

१४ डिसेंबर, शनिवार

मी गोवऱ्या काढत होती. ती गोठ्यामागं, फोन कानाले, मैत्रिणीशी बोलत. "हो ना, बावीसले सकाळी सुई घेतो. टाच बधिर होते म्हणते. दहा किलोमीटरचीच तं गोष्ट हाये!"

बधिर!

बापाले सांगू? तो ओरडीन अन् ही ऐकणार नाही. सरले सांगू? ही वर्षभर माह्याशी बोलणार नाही, अन् धावाची ते धावीनच. बांधून ठेवाले ती काय वासरू आहे. अन् जिद्द कुठून आली ते काही मले विचारू नका. मी इथं कोणाले म्हणून राह्यली, 'विचारू नका'? वहीले!

१६ डिसेंबर

आज तिले म्हटलं, "सुई कायले घेतं? मी बिबा लावून देतो."

दचकली. "तुले कोणं सांगतलं?"

"डॉक्टरले डोळे दाखवले. कान चांगले आहेत."

टाच चोळत बसली. मंग म्हणे, "त्यानं थांबीन, आजी?"

"थांबीन."

कोठीतून बिब्याचा डबा काढला. सुईवर बिबा टोचाचा, दिव्यावर धरला का काळं तेल सुटते. ते दुखऱ्या जागी टेकवाचं. एकच टिपका! जास्त झाला का कातडी उतते, फोड येतात, पाय भुईले टेकवत नाही.

मले विचारा. पुलाच्या त्या दिवसाच्या तिसऱ्या दिवशी माह्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. मायनं काटा काढला अन् वरून बिबा लावला. तिचा हात चुकला. तीन-चार टिपके पडले. टाच अशी उतली का पंधरा दिवस खाटेवर! भाकर न्याले भाऊ जाऊ लागला, ग्यानबा. तो चालत जाय. बाबा एक वाजता जेवत. माहा पाय बरा झाला तवा माहं लग्न ठरलं होतं. मंग कोण धावते!

मी साऱ्यायले हेच सांगत आली. मायवर राग नाही, तिचा हात चुकला.

१७ डिसेंबर

दुपारी लावला. "आजी, जळते!" म्हटलं, जळू दे.

१९ डिसेंबर

उतला! लिंबाएवढे दोन फोड, घोट्यापर्यंत लाल. बूट सोडा, पायमोजा जात नाही. वर्षाराणीनं तीळ-खोबरं वाटून लेप दिला. माह्याकडं पाहत नव्हती.

जगदेव ओरडला, "कोणं लावला हा बिबा? अक्कल हाये का कोणाले घरात?"

वैष्णवी माह्या आधीच बोलली. "मीच लावला बाबा. आजीनं नुसता दिवा धरला."

"अन् तू पाह्यत बसली, माय?"

"मले दिसत नाही ना," म्हटलं. "डोळे दाखवून आली नव्हती का?"

सर येऊन गेले. टाच पाह्यली, टोपी काढली, टोपी घातली. "पुढच्या साली पाहू," म्हणाले. चहा अर्धा ठेवून गेले.

२२ डिसेंबर, रविवार

आठ वाजले, तिकडं पोरी सुटल्या, अन् ही खाटेवर, पाय उशीवर. घड्याळ समोरच. आठ-दहाले ओठ हलवत होती — "आता दोन किलोमीटर झाले." आठ-पस्तीसले मुठी आवळल्या. मी ज्वारी निवडत बसली. एकच सूप तीनदा निवडलं.

मंग फोन आला. सहावी पोरगी कारंज्याची. तिले हिच्या सरावातल्या वेळेपेक्षा जास्त वेळ लागला. म्हणजे ही आली असती. फोन ठेवला अन् भिंतीकडं तोंड केलं.

भाकर नेऊन दिली. ठेचा, वर कांदा. खाल्ली नाही. तासाभरानं खाल्ली. ताट न्याले गेली तं माहा हात धरला पोट्टीनं. "वाईट नको वाटून घेऊ आजी. चुकते हात माणसाचा."

मी म्हशीले पाणी दाखवाले निघून गेली. तिले तहान नव्हती.

२४ डिसेंबर

माहा हात चुकला नाही. चार टिपके ठेवले, मोजून.

चौथा ठेवता ठेवता समजलं — मायचाही चुकला नव्हता.