डावा पट्टा

॥ श्री ॥

इंद्रपुरी, भोपाळ
४ फेब्रुवारी २०२४

चि. अबोलीस,

आत्याचे भरभरून आशीर्वाद. वि. वि. तुझ्या पहाडातल्या सुमधारला मोबाईलची रेंज येईल तेव्हा येवो. तोवर आठवड्याच्या बसने निघणारी तुझी पत्रं मला पुरे आहेत.

दिवाळीत आलीस तेव्हा म्हणालीस, मे महिन्यात माझ्या ट्रेकच्या गटाबरोबर बुग्यालावर चल. मी हसण्यावारी नेलं. तू परत गेलीस, पण तो शब्द इथेच राहिला. झाडं जिथे संपतात त्याच्याही वरचं कुरण, असं तू सांगितलं होतंस. दुपारी आडवी झाले की मला ते दिसायला लागतं. कारखान्याचा भोंगा पाण्याखालून आल्यासारखा ऐकू येतो आणि पायाखाली गवत असतं. बासष्टाव्या वर्षी हे बरं नव्हे, असं तुझ्या बाबांचं मत. जयंता माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा, पण बोलतो आजोबांसारखा.

तर मी सॅक घेतली. एम. पी. नगरातून, निळी. दुकानदाराने रिकामीच माझ्या पाठीवर अडकवली आणि आंटीजी, एकदम फिट है, असं जाहीर करून टाकलं. घरी येऊन आत पाच किलो तांदूळ भरले आणि कॉलनीला फेऱ्या मारायला निघाले. शेजारच्या कुसुमताईंनी मी घर सोडून चालले की काय अशी चौकशी केली. त्या नागपूरच्या, त्यांची चौकशी गेटपर्यंत सोबत येते. तिसऱ्या फेरीला खांदे असे भरून आले की विचारू नकोस. डाव्या खांद्यावर तर लाल वळ उठलाय. सगळे पट्टे ओढून पाहिले, कुठला कशासाठी तेच कळेना. तीस वर्षं कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात अवाढव्य यंत्रांचे नकाशे काढलेली बाई मी, आणि एका पिशवीपुढे हात टेकले!

काय करायचं ते नीट लिही. पायमोजे ओले राहू देऊ नकोस. माया आहे तशीच राहू दे.

तुझी
सुमित्राआत्या


सुमधार
१५ फेब्रुवारी २०२४

ती. आत्यास,

अबोलीचा वाकून नमस्कार. वि. वि. तुझं पत्र चार वेळा वाचलं आणि चारही वेळा कुसुमकाकूंपाशी येऊन हसले. म्हणजे तू सच में येतेस!

त्या दुकानदाराला विसर. रिकामी सॅक सगळ्यांनाच फिट होते. आधी तुझी पाठ मोजायची. मान पुढे झुकवलीस की मानेच्या मुळाशी एक हाड वर येतं. कमरेवर दोन्ही हात ठेवलेस की अंगठ्यांना हाडाची वरची कड लागते. मानेच्या त्या हाडापासून दोन अंगठ्यांना जोडणाऱ्या रेषेपर्यंत टेप लाव. ती तुझ्या पाठीची लांबी. माणूस उंच आहे की बुटका, याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. सॅकच्या आतल्या बाजूला वेल्क्रो असेल, तो सोडवून खांद्याचे पट्टे त्या मापावर बसव.

मग सगळे पट्टे सैल कर, वजन भर आणि सॅक चढव. सुरुवात कंबरपट्ट्यापासून. तो पोटावर नाही हं, कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे, आणि चांगला घट्ट. आमच्याकडे येणारे लोक इथेच चुकतात, सगळं ओझं खांद्यांना लटकवतात. ओझं कमरेने घ्यायचं, खांद्यांनी नुसतं सांभाळायचं. खांद्याचे पट्टे त्यानंतर, अंगाला टेकतील इतकेच. त्यांच्या वरून मागे जाणारे दोन बारीक पट्टे आहेत, ते जरा ओढलेस की सॅक पाठीला बिलगते. छातीवरचा पट्टा श्वास न अडता लागेल तेवढाच लाव. आणि तांदूळ तळाशी नको, पाठीलगत, मधोमध.

इथे सकाळी दरी ढगांनी काठोकाठ भरते. खालच्या गावातले कोंबडे ऐकू येतात, गाव दिसत नाही. तू आलीस की तुला दरीच्या कडेच्या कठड्यावर चहा देणार आहे.

एक विचारू? वळ डाव्याच खांद्यावर का? पट्टे सारखे ओढलेस तर दोन्हीकडे उठायला हवा. हात दुखावला आहे का? लपवू नकोस.

लोभ वाढता असू दे.

तुझी
अबोली


॥ श्री ॥

इंद्रपुरी, भोपाळ
२६ फेब्रुवारी २०२४

चि. अबोलीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. कुसुमताईंनी टेप धरला. माझी पाठ साडेसोळा इंच निघाली. त्यांनी लगेच स्वतःचीही मोजून घेतली, ती सतरा निघाल्यापासून स्वारी खुशीत आहे.

तू लिहिलंस तसं सगळं केलं. कंबरपट्टा आवळला आणि काय सांगू, कोणीतरी मागून येऊन ओझं अलगद उचलून धरल्यासारखं वाटलं. रविवारी जयंता मिसरोदहून गाडी घेऊन आला आणि आम्ही कलियासोतला गेलो. तो धरणाच्या भिंतीवर पेपर वाचत बसला, मी काठाकाठाने चालत सुटले. पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं होतं, मधली रेघ पुसलेली. एक बगळा उडाला तेव्हा तो पाण्यात उडाला की वर, मला सांगता येईना. किती चालले कळलंच नाही. पोहे-जलेबी खाऊन परत आलो.

आता तुझा प्रश्न. तीन दिवस हे पत्र इथे अडलं होतं.

दोन वर्षांपूर्वी, डिसेंबरात, माझं ऑपरेशन झालं. डावा स्तन काढला, काखेतल्या गाठीही काढल्या. कॅन्सर होता. पुढचे इलाज यथासांग झाले. आता रोजची एक गोळी आहे आणि सहा महिन्यांनी तपासणी. गेल्या महिन्यातली चांगली आली. त्या बाजूची कातडी अजून हळवी आहे, म्हणून वळ तिथे उठतो. तुला कळवायचं नाही, अशी शपथ जयंताला मीच घातली होती. त्याला बोल लावू नकोस.

हे सांगायला तुझ्या प्रश्नाची वाट पाहत होते की काय, कोण जाणे.

रागाव, पण पत्र लिही.

तुझी
सुमित्राआत्या


सुमधार
९ मार्च २०२४

आत्या,

नमस्कार. तुझं पत्र घेऊन नदीवर गेले आणि अंधार पडायच्या आत परत आले, एवढंच त्या दिवशी केलं.

ऑपरेशननंतरच्या दिवाळीत तू केस अगदी आखूड कापले होतेस. हौस म्हणून, असं तू सांगितलंस, आणि मी तुला किती छान दिसतं म्हणाले. फोटो काढला. तो फोटो मी इथे सगळ्यांना दाखवला, माझी आत्या बघा म्हणून. मला आता तो बघवत नाही.

आई त्याच आजाराने गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आता अठ्ठावीस पूर्ण झाली. लोकांना बर्फातून खाली आणते, त्यांच्या बोटांना हिमदंश झाला तर त्यांच्या घरच्यांना फोन करून मी सांगते. आणि माझ्याच घरात मला सांगण्यासारखी मी नव्हते?

मे महिन्यात येऊ नकोस, असं एका कागदावर लिहिलं होतं. तो फाडला. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय सॅकला हात लावायचा नाही. काखेतल्या गाठी काढल्या की त्या हाताला सूज येऊ शकते, अरुंद पट्टा तिथे रुतता कामा नये. किती वजन चालेल, किती दिवस, हे त्यांच्याकडून लिहून घे. त्यांनी नाही म्हटलं, तर नाही.

अबोली


॥ श्री ॥

इंद्रपुरी, भोपाळ
२२ मार्च २०२४

चि. अबोलीस,

आशीर्वाद. वि. वि. तुझ्या पत्रात या वेळी लोभाची ओळ नव्हती. दोनदा उलटून पाहिलं.

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. चाला, भरपूर चाला म्हणाल्या. पाठीवर चार किलो, त्याहून जास्त नाही, आणि डाव्या खांद्यावर दाब नको. हात जड वाटला किंवा अंगठी घट्ट झाली की थांबायचं. चिठ्ठी सोबत जोडली आहे. व्यायाम शिकवणाऱ्या बाई आहेत, त्यांच्यासमोर सॅक घालून दाखवली.

पट्ट्याचं काम पिपलानीच्या नफीसभाईंनी केलं. ते स्कूटरची सीट कव्हरं शिवतात. मी नकाशा काढून नेला: डावा पट्टा दुपटीने रुंद, आत मऊ फोम, आणि वरचं टोक दोन बोटं मानेकडे सरकवलेलं. नफीसभाईंनी नकाशा उलटसुलट पाहिला आणि कशासाठी विचारलं. मी सांगितलं. अगं, जयंता, कुसुमताई आणि तू सोडलात तर मी हे कोणालाच आपणहून सांगितलं नव्हतं, आणि बाहेर पहिल्यांदा सांगितलं ते शिलाई मशीनच्या खडखडाटात, एका परक्या माणसाला. ते मशीन थांबवून म्हणाले, आपा, परसों आइए, इत्मीनान से करूँगा. परवा गेले तर टाका असा बारीक की शोधावा लागतो.

आता तुझ्या प्रश्नाचं. तुझी आई आत होती त्या दिवसांत तू दवाखान्याच्या जिन्यात तिच्या चपला मांडीवर घेऊन बसायचीस. बाहेर येईल तेव्हा अनवाणी चालावं लागू नये म्हणून. कोणी हलवलं तरी उठायची नाहीस. माझा रिपोर्ट आला तेव्हा मला भीती मरणाची नाही वाटली. तू परत त्या जिन्यात दिसायला लागलीस. माझ्या डोळ्यांपुढे तू नऊचीच राहिलीस, ही माझी चूक. तू मोठी झालीस ती मीच तर केली, आणि मलाच दिसली नाही.

येऊ का? तू म्हणशील तसं करीन.

राग असेल तोवर असू दे, त्याच्या शेजारी थोडी माया बसू दे.

तुझी
सुमित्राआत्या


सुमधार
२ एप्रिल २०२४

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. हो, ये. तुझे चार किलो तुझ्या पाठीवर, बाकीचं खेचरावर. ११ मेला काठगोदामला स्टेशनवर उभी असेन.

डाव्या पट्ट्याचा नकाशा घेऊन ये, आमच्या इथल्या बायकांना दाखवायचा आहे.

लोभ होताच. लिहायला हात वळला नव्हता.

तुझी
अबोली


॥ श्री ॥

इंद्रपुरी, भोपाळ
३० मे २०२४

चि. अबोलीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. सुखरूप पोचले. भोपाळात ऊन असं की कावळेसुद्धा बोलत नाहीत. हाताला सूज नाही, अंगठी सैल आहे. तू विचारणार म्हणून आधीच लिहिते. कुसुमताईंना फोटो दाखवले. त्यांनी पुढच्या वर्षीसाठी स्वतःचं नाव परस्पर घातलं आहे.

घरी येऊन पाच दिवस झाले तरी मी पूर्ण आलेली नाही. भांडी घासताना मध्येच थांबते. तुम्ही सगळे खिंडीकडे गेलात आणि मी बुग्यालावर मागे राहिले, ते चार तास माझ्याभोवती अजून आहेत. तुझा जीव खाली-वर होत होता, मी तुला हाकललं. खिंड मला नको होती गं. मी गवतावर आडवी झाले. ढगांची सावली अंगावरून जायची, गार व्हायचं, परत ऊन यायचं. मेंढ्यांच्या घंटा कुठून येतात कळत नव्हतं. झोप लागली असावी, कारण तुझी आई शेजारी बसून केस विंचरत होती. तिला माझ्याबद्दल सगळं माहीत होतं. जाग आली तेव्हा गवत वाऱ्याने एका बाजूला निजलं होतं आणि मला कोणाचीच आठवण येत नव्हती, इतकं भरल्यासारखं वाटत होतं.

आणखी एक. तिथे असताना बोलले नाही, आता लिहिते.

ट्रेकच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, बुग्यालाकडच्या शेवटच्या चढाआधी, तू मला थांबवलंस आणि मागे उभी राहून डाव्या बाजूचा बारीक पट्टा ओढायला लागलीस. सूर्य आपल्या पाठीमागे होता. आपल्या दोघींच्या सावल्या पुढे वाटेवर लांबच लांब पडल्या होत्या, तुला ते लक्षात आलं नसेल. तुझा हात नफीसभाईंनी शिवलेल्या त्या जागेवर आला आणि तिथेच थांबला. मग सावलीतला हात उचलला गेला, तोंडापाशी गेला, परत आला, परत गेला. खांदे हलत होते. आवाज मात्र काही नव्हता.

मी वळले नाही. अजून सैल वाटतोय, पुन्हा एकदा ओढ, म्हणाले. तू ओढलास. मी म्हटलं, अजून जरासा.

पट्टा केव्हाच नीट बसला होता.

जपून राहा, लोभ असाच चालता राहू दे.

तुझी
सुमित्राआत्या