जबडा आणि देवासचे व्याही

३ ऑक्टोबर, धार. सकाळ.
डावा जबडा पुन्हा धरला. कानाच्या जरा पुढे, सुपारीएवढ्या जागेत. चहाचा कप ओठाला लावला की कट् असा आवाज. वर्षभरात हे अनेकदा झालं. आठवडाभर दुखतो, मग आपोआप बरा होतो. म्हणजे मीच बरा करतो.
कारण उघड आहे. दाढ. कमल म्हणते, काल देवासहून फोन आला होता ना, तेव्हापासून दुखतोय. आमच्या सौ.ना कशाचाही कशाशीही संबंध जोडायची सवय आहे.
देवास म्हणजे ऋजुताचं होणारं सासर. आमची एकुलती एक लेक. ३० नोव्हेंबरला लग्न. मुलगा हर्षित, तिच्याच ऑफिसात. माळवी घर. वडील उमाशंकरजी, ट्रॅक्टरचे पार्ट विकतात. आमचे पणजोबा धार दरबारात दफ्तरदार होते. तरी मी एका मिनिटात हो म्हटलं. तोंडाने म्हणायला दीड वर्ष लागलं, पण मनात एका मिनिटातच. मी मॉडर्न माणूस आहे.
ऋजुताने विचारलं, बाबा, तुम्ही खूश आहात ना? म्हटलं, अगदी. म्हणाली, दिसत नाही. म्हटलं, जबडा दुखतोय.
संकल्प: दाढ काढून टाकणे. आणि लग्नात मंगलाष्टकं स्वतः रचून स्वतः म्हणणे. अकरा कडवी. धारच्या मराठी मंडळींना किती वर्षांत असं काही ऐकायला मिळालेलं नाही.

६ ऑक्टोबर
डेंटिस्टकडे. डॉ. वेदिका, आपल्याच मराठी मंडळातली मुलगी. गणपतीत माझ्या हातून बक्षीस घेतलेली. एक्स-रे काढला. दाढ ठणठणीत म्हणे. मशीन जुनं असावं.
मग माझ्या दोन्ही कानांपुढे बोटं ठेवून तोंड उघडा, मिटा. म्हणाली, काका, दुखतोय तो जबड्याचा सांधा आणि गालाचा स्नायू. तुम्ही दात आवळता. झोपेत आणि जागेपणीही. कसलं टेन्शन आहे का?
मला? टेन्शन? म्हटलं, अगं, उभा जन्म बँकेत पब्लिक डीलिंग केलं, आवाज म्हणून चढवला नाही कधी. म्हणाली, तेच तर. सगळं दातांवर काढलंत.
कमल मध्येच बोलली, रात्री ह्यांच्या तोंडात पाटा-वरवंटा चालू असतो. बायकोला डॉक्टरकडे नेऊ नये.
उपाय असे: रात्री दातांवर प्लास्टिकचा गार्ड. गरम शेक. मऊ खाणं. दिवसभर ओठ मिटलेले पण दात सुटलेले. आणि तोंड मोठं उघडायचं नाही. मोठी जांभई, ओरडणं, गाणं, सगळं बंद. सांधा सैल झालाय, एखाद्या दिवशी सटकेल म्हणाली.
गाणं बंद! हिला दात कळत असतील, शार्दूलविक्रीडित कळत नाही.

१२ ऑक्टोबर
सेव सोडली. म्हणजे कोरडी सेव सोडली. पोह्यांवरची ओली होते, ती मऊ खाण्यात धरायला हरकत नाही. गार्ड उशाखाली ठेवून झोपलो. सवय हळूहळू करावी.
मंगलाष्टकांची चार कडवी तयार. व्याह्यांचं नाव काही केल्या वृत्तात बसेना. मी कोणाला काही बोललो नाही. पण नोंद करून ठेवतो.

२२ ऑक्टोबर
व्याही-विहीणबाई दिवाळीची मिठाई घेऊन आले. उमाशंकरजी नमस्कार करत नाहीत, मिठी मारतात. ‘समधीजी!’ असं चौकापर्यंत ऐकू जाईल अशी हाक. विहीणबाई भवानीबाई, त्यांचा आवाज त्याहून वरचा.
जाता जाता म्हणाल्या, शादी के एक दिन पहले हमारे यहाँ औरतें समधी को गालियाँ गाती हैं, बुरा मत मानना. म्हटलं, संगीत का तो मुझे शौक है. आमच्यातही व्याह्यांचा अपमान करतात, नाही असं नाही, पण पंगतीत, सभ्य भाषेत आणि पोटभर जेवल्यावर.
ते गेल्यावर जबडा असा धरला की दोन दिवस खिमटीवर काढावे लागले. चकली बाधली. अनारसे करायला हवे होते.

९ नोव्हेंबर
तब्येतीत सुधारणा. मोबाइलवर पाहून जबड्याचे व्यायाम सुरू केले. मग बाथरूममध्ये ‘सावधान’चा वरचा सूर. कट्. शेजारचे शालिग्रामजी भिंतीपलीकडून म्हणाले, भिया, सब ठीक? लोकांना कान नाही.
ऋजुता दोन दिवस आली होती. संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, बाबा, मला तुमच्याशी थोडं बोलायचंय. म्हटलं, आधी हे ऐक. सहा कडवी म्हणून दाखवली. चौथ्या कडव्याला उठून आत गेली. पोरीला फार भरून आलं असावं. डोळे लाल होते. म्हणजे मंगलाष्टकं चांगली उतरली आहेत.

३० नोव्हेंबर, देवास. सकाळ.
काल घडलं ते शांतपणे लिहितो. मी शांतच आहे.
हॉलमध्ये आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. भवानीबाई ढोलक घेऊन समोर, मागे बायकांची फौज. मी डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे ओठ मिटून, दात सोडून बसलो होतो. सुरुवातच अशी:
समदीजी को मूंडो बंद क्यों,
कई लाडू ठूंस्यो रे?
म्हणजे तोंड बंद का, लाडू कोंबलाय का! हॉल लोटपोट. आमच्याकडचेही. मी दात सोडलेले ठेवले. जवळजवळ. मग दुसरं कडवं:
परदादा तो दफ्तर सांभाळे,
पोतो सेव पे टूट्यो रे!
पणजोबा! देवासच्या बायकांना पणजोबा कोणी सांगितले? आणि पणतू सेवेवर तुटून पडतो हे? मागे पाहिलं तर ऋजुता तोंडावर पदर धरून हसत होती. घरका भेदी.
उठलो. हात वर केला. ‘बंद करो ये तमाशा! लग्न होणार नाही!’ असं ठणकावून सांगायचं होतं. तोंड सगळंच्या सगळं उघडलं. कट्. ते मिटेचना.
शब्द नाही. तोंड आ वासलेलं, डोळ्यांतून पाणी, हात वर. पब्लिकला वाटलं, समधीजी हसताहेत. टाळ्या. उमाशंकरजी धावत आले, माझा वर केलेला हात धरला आणि नाचायला लागले. पूर्ण गाणं नाचवलं हो मला! भवानीबाई म्हणत होत्या, अरे, समधीजी तो बड़े हँसमुख निकले! फोटोवाला भोवती फिरत होता. शेवटी लाळ गळायला लागली तेव्हा कमलला संशय आला.
जवळच्या दवाखान्यात डॉक्टरने दोन्ही अंगठे तोंडात घालून जबडा खाली दाबला, मागे सरकवला. बसला एकदाचा. हनुवटीपासून डोक्यावरून पट्टी. सहा आठवडे तोंड मोठं उघडायचं नाही, हसायचंही नाही. कमल म्हणाली, त्याची तुम्ही काळजी करू नका.

३० नोव्हेंबर. संध्याकाळ.
लग्न लागलं. पट्टीवर फेटा बांधला. अकरा कडवी खिशात. गुरुजींनी दोनच म्हटली. मग उमाशंकरजींनी माझा कागद मागून घेतला आणि माझी तीन कडवी वाचली. हिंदी उच्चार, चाल भजनाची. लोक रडले. मुहूर्त अगदी वेळेवर लागला म्हणून मंडळातल्या लोकांनी मला येऊन येऊन हात मिळवला. त्यात एवढं काय, कळलं नाही.

५ डिसेंबर, धार
दुपारी ऋजुताचा फोन. मला पट्टीमुळे बोलता येत नाही, म्हणून तीच बोलली. बराच वेळ. इतकी ती माझ्याशी कधी बोलल्याचं आठवत नाही.
म्हणाली, बाबा, दीड वर्ष मी घाबरून होते. शेवटी तुम्ही हो म्हणालात, पण दात आवळून. वाटायचं, ऐन मांडवात काहीतरी बोलाल आणि मी मोडून जाईन. मग त्या संध्याकाळी तुम्ही एवढे हसलात, एवढे की जबडाच निखळला. मी त्या रात्री किती दिवसांनी पोटभर जेवले, बाबा.
मी म्हटलं, हं.
म्हणाली, तो फोटो आम्ही मोठा करून पुढच्या खोलीत लावलाय. सासरचे आल्यागेल्याला दाखवतात.
फोटो मोबाइलवर पाठवला. कमलने बराच वेळ पाहिला. त्या दिवशी हॉलमध्ये ती माझ्या शेजारीच बसली होती, तिला सगळं माहीत आहे. म्हणाली, छान आलाय. आणि भाजी निवडायला गेली.
जबडा लग्नापासून दुखलेला नाही. पट्टीचा गुण.
फोटोत मी खरोखर फार खूश दिसतो. आरशासमोर उभं राहून, तोंड न उघडता, तसं दिसतं का बघितलं. जमलं नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा बघू.