सुनीताचे टाके

१२ जानेवारी १९९३
आले एकदाची. बंद मिलच्या चाळीत खोली मिळाली. खिडकीतून चिमणी दिसते. धूर नाही, तेव्हा धुणं पांढरं राहील, हाही एक फायदाच. ह्यांची मिलही बसली. हे मुलांजवळ महूला, सासूबाईंकडे. आता घर चालणार माझ्या आरोग्यसेविकेच्या नोकरीवर, आणि नोकरी कच्ची. सुपरवायझर श्रीरामबाबूंनी चहा पाजून समजावलं: मार्चअखेर नसबंदीच्या केस पुऱ्या करा, पक्की ऑर्डर घ्या. नाही तर रामराम. आधीच्या मंजुळाबाईंचं टार्गेट म्हणे कधी चुकलं नाही. त्या आता कुठे, विचारलं तर बाबूंनी चहात आणखी साखर घातली. असो. ऑर्डर आली की मुलांना इथेच आणीन. खाटेवर नवी चादर घातली आहे.

२१ जानेवारी
दारोदार फिरले. मिल बंद, त्यामुळे पुरुष दिवसभर ओट्यावर. बाईशी पाळीबद्दल बोलायला जावं तर अख्खी सल्लागार समिती बसलेली. जुने विणकर पंढरीनाथ म्हणाले, "बाईजी, मिलने आमची नसबंदी आधीच करून टाकली. अब क्या बचा है?" ओटा हसला. मीही हसले. जुलाबाच्या पुड्या, पोलिओचे थेंब, बाळंतिणींच्या गोळ्या, सगळं मी पोचवते. त्याबद्दल वर कुणी विचारत नाही. विचारतात एकच: केस किती?

२ फेब्रुवारी
मीटिंगमध्ये बाबूंनी सगळ्यांसमोर उभं ठेवलं, शाळेतल्या पोरीसारखं. परतले तर दारात सुनीता, कोपऱ्यातल्या खोलीतली. ऑपरेशनला स्वतःहून तयार! मला रडूच आलं. तशीच तिला शिबिरात नेलं. डॉक्टर पोट बघतात, चेहरा नाही. हात गार होता तिचा. भीतीने असेल.

९ फेब्रुवारी
सुनीताच्या खोलीत जाऊन तिचे टाके काढले. दोरा जाड, पिवळसर. दवाखान्याचा वाटेना. मिलच्या सुतासारखा होता.

१२ फेब्रुवारी
तिने पुन्हा बोलावलं. टाके तिथेच. मी काढलेले. शांतपणे म्हणाली, राहिलेत, बाईजी. पुन्हा काढले. रक्ताचा थेंब नाही.

१८ फेब्रुवारी
पंढरीनाथांना विचारलं. या वेळी त्यांना विनोद सुचला नाही. सुनीता गेल्या मार्चच्या शिबिरात टेबलावरच गेली. एक केस कमी पडत होती, म्हणून मंजुळाबाईंनी मेलेल्या तिलाही मोजून टार्गेट पुरं केलं. मग त्या दर आठवड्याला कात्री घेऊन कोपऱ्यातल्या खोलीत जायच्या. एकदा गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. तेव्हापासून खोलीला कुलूप आहे, म्हणाले. मी जाऊन बघितलं. गंजलेलं कुलूप. मग मी टाके कुठे बसून काढले?

२७ फेब्रुवारी
राजीनामा लिहिला. फाडला. मुलांना काय घालू? सुनीता दारात. शिबिराला येते म्हणाली, दुसऱ्या नावाने. मी नेलं तिला. कळून सवरून. डॉक्टरांनी पोट बघितलं.

११ मार्च
पुन्हा तीच. पुन्हा वेगळं नाव. आणि पुन्हा. बाबू खूश, म्हणाले, मंजुळाबाईंची आठवण करून दिलीत. टाके आता रोज काढावे लागतात. कात्री धरवत नाही. परवा हे आले होते, माझ्या हातांना कसला वास येतो विचारत होते. मी —

२६ मार्च
आज तिला नाही म्हटलं. एकच केस कमी आहे, राहू दे. ती रागावली नाही. म्हणाली, "मग तुम्ही चला."
दार लावून बसले आहे.

३१ मार्च
बाबू पेढे घेऊन आले. पक्की ऑर्डर. शेवटची केस कालच्या शिबिरात झाली म्हणे. मी गेलेच नव्हते. कुणाची, विचारलं. "वा बाईजी, स्वतःच टेबलावर चढलात आणि विसरलात?"
ते गेल्यावर पदर सरकवला. टाके. जाड. पिवळसर.
सुनीता आली आहे. कात्री तिच्या हातात. हलू नका म्हणते. एक टाका तोडला. दोरा ओढते आहे — येतोय — अजून येतोय —
ह्यांना कुणी सांगा, ऑर्डर झाली तरी मुलांना इथे आण