मरून रंगाचा पहिला हात

अण्णा,

आज १२ मार्च, बुधवार. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं झाली होती आणि मी हैदराबादच्या एका गिऱ्हाइकाच्या मॉडेल गाडीचं बॉनेट दोन हजार नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासत होतो. बॉनेट म्हणजे माझ्या अंगठ्याएवढं. तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. हातात पुठ्ठ्याचा खोका. तुम्ही ज्या साहेबांची जुनी पांढरी गाडी रंगवून दिली होती, वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, त्यांची ही मुलगी. तिने झाकण उघडलं आणि आत ती होती. जुन्या काळची उघडी टूरिंग गाडी, वीतभर लांबीची, मरून रंगाची, बॉनेटवर भेगाच भेगा आणि चारही मडगार्ड खाली लोंबलेले. तेरा वर्षांनी. "बाबा म्हणाले, ज्या मुलाने बिघडवली त्यालाच नेऊन दे. तो आता हेच काम करतो म्हणे," ती हसत म्हणाली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. ती गेल्यावर मात्र काम बाजूला ठेवून लिहायला बसलोय. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली. तुम्हाला नंबरप्लेटवरचे आकडे सोडून काही वाचता येत नव्हतं. जिवंत असतात तर हे पत्र मलाच तुम्हाला वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तेवढी हिंमत माझ्यात तेव्हाही नव्हती.

ज्या मुलाने बिघडवली. तेरा वर्षं हे माझ्या नावावर आहे, आणि ते माझ्या नावावर तुम्ही, बाप असून, चढवलंत.

मी नववीत होतो. पडेगाव रोडवरच्या आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये शाळा सुटल्यावर मी गाड्यांचे नंबर रंगवायचो. एक दिवस साहेब स्टुलावर बसून बघत होते. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे, त्यांच्या बोटांना कंप सुटला होता. पुढच्या खेपेला ते तो खोका घेऊन आले. आत या गाडीचे प्लास्टिकचे सुटे भाग, चाळीस वर्षांपूर्वी विलायतेतून आणलेला, एकदाही न उघडलेला. म्हणाले, माझ्याने आता होणार नाही, तू जोडशील का? त्यानंतर दर रविवारी सकाळी मी सायकलवर सिडकोत त्यांच्या घरी. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं. एकेक भाग नेलकटरने प्लास्टिकच्या सांगाड्यातून तोडायचा, त्याची कड घासायची, नुसताच जागेवर बसवून बघायचा, मग सुईच्या टोकाने प्लास्टिक चिकटवायचं सोल्युशन. मी घाई केली की साहेब म्हणायचे, "गाडी कुठं जायचीय का?" तीन महिने. शाळेत मला कुणी तीन मिनिटं असं समजावून सांगितलं नव्हतं. एकदा शेडमध्ये ते तुमच्यासमोर म्हणाले, "दहावी होऊ द्या, याच्या पॉलिटेक्निकचं मी बघतो." तुम्ही हसलात. "बघा की साहेब. घरचं खातंय आन् तुमचा ब्रश चाटतंय." सगळे हसले, मीही हसलो. त्या दिवसापासून तुम्ही माझ्याशी बोलताना मला "इंजिनियर" म्हणायला लागलात आणि प्रत्येक वेळी ते दातांखाली धरून म्हणायचात.

मग तो रविवार. साहेबांच्या घरी वासाचा त्रास नको म्हणून रंगाचं काम मी शेडमध्ये आणलं होतं. साहेबांनी दिलेली रंगाची बाटली लहान होती, ब्रश लहान, आणि ब्रशाच्या रेघा काही केल्या जात नव्हत्या. दोनदा रंग मारून दोनदा पुसला. तुम्ही मागे येऊन उभे राहिलात.

"काय रं इंजिनियर, नवरीच्या नखाला लावतोस व्हय रंग?"

शेडमधले दोन्ही मिस्त्री हसले.

"अण्णा, साहेबांनी हाच रंग दिलाय."

"साहेबाला कारखाना कळतो. रंग मला इचार. ह्या रोडवर रंगाची गन कुणाची चालती? जालन्याहून माणसं येत्यात माझ्याकडं. आन् ही बोटभर गाडी मला सांगाया लागली व्हय? सरक तिकडं."

ते खरं होतं, म्हणून तर राग येतो. तुमच्यासारखी नजर मी अजून कुणात पाहिलेली नाही. तुम्ही डोळे बारीक करता, एका जुन्या जीपच्या उरलेल्या मरूनमध्ये काळ्याचे चार थेंब टाकता, काडीने ढवळता, आणि तो रंग बरोबर तसा होतो जसा खोक्यावरच्या चित्रात आहे. मग थिनर. गाडीला लागतो तोच, गाडीला लागतो तेवढाच. गन उचलता, मनगट एकदाच फिरवता. पहिला हात बसतो, एकही रेघ नाही. आरशासारखा. मिस्त्री म्हणतो, "वा उस्ताद!" आणि त्याचं म्हणणं संपायच्या आत बॉनेटवर साय धरल्यासारखा पापुद्रा येतो, आक्रसतो, तडकतो. मडगार्ड उन्हातल्या मेणबत्तीसारखे वाकत जातात. लोखंडाला जो थिनर चालतो तो या प्लास्टिकला खातो. तुम्ही गन खाली केली. तुमचा चेहरा मी पाहिला. तुम्हाला कळलं होतं. तुम्ही म्हणालात, "भंगार प्लास्टिक."

एवढ्यावर थांबला असतात तर मी आज हे लिहीत नसतो. गाडी बिघडली, बिघडते. पण चार वाजता साहेब आले आणि तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "काय सांगावं साहेब, ह्या गाढवानं माझ्या माघारी गन उचलली. हाताला वळणच नाय ह्याच्या." आणि माझ्या डाव्या कानावर ठेवून दिलीत. खोटं बोलणं मी समजू शकतो. पण ते खरं वाटावं म्हणून मला मारलंत. दोन्ही मिस्त्री एकाच इंजिनात डोकं घालून उभे राहिले. साहेब म्हणाले, "अहो, मारू नका. लहान आहे." त्यांनी गाडी वर्तमानपत्रात गुंडाळली, काच गुंडाळावी तशी, आणि माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी त्यांच्या घरच्यांनी मला दारातच सांगितलं, साहेब झोपलेत. त्याच्या पुढच्या रविवारीही ते झोपलेलेच होते. सकाळी दहाला. मी परत गेलो नाही.

आठवड्याने तुम्ही बिडकीनच्या बाजारातून चावीची एक पत्र्याची मोटार आणलीत. "घे, खेळ." मी चौदा वर्षांचा होतो, अण्णा. मला मिशी फुटत होती. ती मी शेजारच्या पोराला दिली. नववीत नापास झालो तेव्हा तुम्ही "बरं झालं" म्हणालात आणि माझ्या हातात लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची पट्टी दिलीत. दोन वर्षं मी लोकांच्या गाड्यांचे पोचे भरले. रंगाच्या डब्याला तुम्ही मला हात लावू दिला नाही. कारण विचारलं की सगळ्यांना तीच गोष्ट सांगायचात, आणि सांगता सांगता तुम्हाला ती खरी वाटायला लागली होती.

आज लोक पुण्याहून, हैदराबादहून मला मॉडेल गाड्यांचे जुने किट कुरिअरने पाठवतात. कोणताही रंग मी आधी प्लास्टिकच्या चमच्यावर मारून बघतो, तारीख टाकतो, दोन दिवस थांबतो. तीनशेच्या वर चमचे झालेत. गिऱ्हाइकं याला शिस्त म्हणतात. मला प्रत्येक वेळी, पहिला हात मारताना, डावा कान गरम झालेला जाणवतो.

म्हणून आज मी बोललो. खोक्यावर हात ठेवून त्या बाईंना म्हणालो, "मी नाही बिघडवली. माझ्या वडिलांनी बिघडवली. आणि खोटं टिकावं म्हणून मला मारलं."

त्या स्टुलावर बसल्या. "मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"बापासमोर?"

त्यांनी खोक्यातल्या गाडीकडे पाहिलं. "मी बाबांना सांगू हे?"

"आजच सांगा."

"त्यांना फार लागेल हो. तुमच्यावर रागावून होते ते."

"लागू दे."

आता एक वाजलाय. एव्हाना साहेबांना कळलं असेल. पडेगाव रोडचा सगळ्यात नावाजलेला पेंटर आता त्यांच्या लेखी खोटारडा झाला असेल. तुम्ही स्वतःची बाजू सांगायला येऊ शकत नाही, याचं मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटत नाहीये. गाडीची बॉडी मी ब्रेक ऑइलमध्ये बुडवून ठेवली आहे. ते प्लास्टिकला धक्का लावत नाही, रंग तेवढा सोडवतं. तुमचा मरून धाग्याधाग्याने सुटतोय. भेगा राहतील, त्या मला भराव्या लागतील, आणि मडगार्ड नवे करावे लागतील.

त्या बाईंना मी सगळं सांगितलं. एक सोडून, आणि ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. किटच्या खोक्यात एक इंग्रजी कागद होता. त्यावर शेवटी, चौकटीत, लिहिलेलं होतं की गाड्यांचा थिनर वापरू नका, प्लास्टिक विरघळतं. आदल्या रविवारीच मी एकेका शब्दाचा अर्थ लावून ते वाचलं होतं. तुम्ही थिनरचा डबा उघडलात तेव्हा मी सांगायला तोंड उघडलं. मग तुम्ही "सरक तिकडं" म्हणालात ते आठवलं, आणि मी सरकलो. तुमचं एकदा चुकलेलं मला बघायचं होतं.