चाफ्यापासून तिसरी कबर

१९ ऑक्टोबर
फादरांचा फोन. दोन नोव्हेंबरला जुन्या इगर्जीत, त्या पडक्या चर्चात येतायत, कबरींवर प्रार्थना करायला. छप्पर नाही, दार नाही, तिथे पाद्री येणार, किती वर्षांनी! मायची कबर कुठली विचारलं. म्हटलं, चाफ्यापासून तिसरी, डोळे मिटून दाखवते. तिथे जाणारी मी एकटीच उरलेय. मला नाही तर कुणाला ठाऊक?

२२ ऑक्टो.
कोयता घेऊन गेले. शेजारचा दाजी आला मदतीला. त्याची काजूची बाग इगर्जीला लागूनच. घाणेरी, वेली, मुंग्या... तिसऱ्या कबरीवरचं शेवाळ खरवडलं, अक्षरं निघाली. पेद्रू.
बरं. तीस वर्षं मी कुणा पेद्रूसाठी मेणबत्त्या जाळल्या. आता तो स्वर्गात पोचला नसेल तर माझा दोष नाही.
दाजीसमोर हसले. घरी जेवण गेलं नाही.

२३ ऑक्टो.
वसईला थोरल्या भावाला, जुझेला फोन केला. म्हणाला, बाबांनी क्रूसाच्या ओल्या सिमेंटात मायच्या निळ्या बशीचा तुकडा बसवलेला. तो तेव्हा दहाचा, मी चारची. तीस वर्षं हे बोलला नाही गाढव! असो. बशी शोधायची. शोधेन म्हणजे शोधेन.

२६ ऑक्टो.
सगळे क्रूस बघून झाले. बशी नाही. गुडघे बोंबलतायत. उद्या परत.

२७ ऑक्टो.
सापडली! दाजीच्या बागेत, गडग्याच्या, त्या दगडी कुंपणाच्या पलीकडे. हात तुटलेला क्रूस, तेलाने काळा, पुढ्यात करवंटी नि जळकी वात. दाजी म्हणाला, "टीचर, ह्यो आमचो राखणदार. आवशीच्या वेळेपासून हय दिवो लावतंव." म्हणजे त्याच्या आईपासून.
तेल नखाने खरवडलं. आत निळं.
इगर्जीच्या आवाराची भिंत पडल्यावर त्याच्या वडलांनी गडगा घातला तो आतल्या अंगाने, नि माय बागेत गेली. दर अमावस्येला दिवा, काजू काढण्याआधी नारळ नि गाऱ्हाणं, सांभाळ म्हणून मागणं. मी पेद्रूपाशी गुडघे टेकत होते आणि माझी माय इथे उजेडात होती. तिथेच बसून रडले. दाजीला सगळं सांगितलं. त्याने करवंटीतली जळकी वात काढून नवी घातली.

३१ ऑक्टो.
फा. म्हणाले, क्रूस उचलून आवारात आणू. जुझे पण तेच. मी हो म्हणून टाकलं. दाजीला पहार आणायला सांगितली.
संध्याकाळी तो पायरीवर येऊन बसला. चहा घेतला नाही. "तुमची आवस, तुमचो हक्क. पण मगे आमी गाऱ्हाणा खंय घालूचा?"
तो गेल्यावर त्याचा चहा मीच प्याले. गार!

२ नोव्हें., सकाळ
फा. दहाला येतायत. मेणबत्त्या पिशवीत भरल्या; पेद्रूचीही एक घेतली, सवय झालीय त्याला. दाजी फाटकाशी उभा आहे, धुतलेला सदरा, हातात नारळ. पहार आणलेली नाही.
मीही मागितली नाही. निघते.