रोज फक्त अर्धा तास

८ सप्टेंबर, सोमवार

नाही म्हणजे नाही! तृप्तीला क्लास लावणार नाही. सुलभाताईंना आज तिसऱ्यांदा सांगितलं. या माझ्या थोरल्या जाऊबाई, राहतात मागच्याच गल्लीत. त्यांचा मोहित आणि आमची तृप्ती दोघं पाचवीत, दोघांचा नवोदय शाळेचा फॉर्म भरलाय, परीक्षा डिसेंबरात. मोहित रोज पाच ते सात पंडित सरांच्या क्लासला जातो. वर रविवारी टेस्ट. पोराच्या डोळ्यांखाली काळं आलंय! आणि ताई मलाच म्हणतात, शारदा, मागून पस्तावशील.

चौदा वर्षं तिसरी-चौथीला शिकवतेय मी. मला कळत नाही का? दहा वर्षांचं लेकरू आहे ते. रोज फक्त अर्धा तास, संध्याकाळच्या चहानंतर, माझ्याजवळ. बाकी दिवस तिचा. निलेशनाही बजावून ठेवलं. हो म्हणाले आणि मोबाइलमध्ये डोकं घालून बसले.

१० सप्टेंबर

शाळेत पालकसभा. विषय होता पाण्याची टाकी, बोलले सगळे नवोदयवर. शहरातल्या पोरांना जागा मोजक्याच, मॅडम, काय करायचं? मी उठून सरळ सांगितलं — पोरांना झोपू द्या, खेळू द्या. शिकवायचंच तर घरात, सहज, बोलता बोलता. बाजारात, स्वयंपाकघरात, जिथे तिथे गणितच तर आहे! टाळ्या पडल्या. बाहेर पडताना टाळ्या वाजवणाऱ्यांतलेच एकजण हळूच विचारतात, तरीपण मॅडम, पहाटेचा क्लास कुठला चांगला?

डोकं उठलं माझं.

१४ सप्टेंबर, रविवार

निंबोल्याला गेलो होतो, निलेशच्या काकांच्या केळीच्या बागेत. तृप्ती ओळींमधून नुसती उधळली होती. मी हाक मारली — एका ओळीत सव्वीस झाडं, अशा अठरा ओळी, वाऱ्याने सात पडली, किती उरली? थांबली. ओठ हलले. चारशे एकसष्ट! बरोबर! काकू बघतच राहिल्या. आणि हे काही अर्ध्या तासात धरलेलं नाही हं, हे आपलं सहज.

मग ती पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसली, तर मोटर आणि हौदाचंही एक उदाहरण झालं. क्लासवाले याला पैसे घेतात!

परत येताना गप्प होती. दमली असेल.

२२ सप्टेंबर

आज आरसा. वेणी घालताना मागच्या भिंतीवरचं घड्याळ आरशात उलटं दिसतं. म्हटलं, आरशात तीन चाळीस, तर खरे किती? आठ वीस, म्हणाली. अशी एक-दोन उदाहरणं परीक्षेत हमखास असतात. आता रोज एक. वेणीला वेळ लागतोच, तो वाया कशाला घालवायचा?

५ ऑक्टोबर, रविवार

निलेश मावा जिलेबी घेऊन आले. घरात आम्ही तिघं आणि सासूबाई, जिलेब्या सहा. प्रत्येकाला किती? दीड. आणि मोहित आला तर? तृप्ती जिलेबी हातात धरून विचार करत होती, पाक कोपरापर्यंत ओघळला. सासूबाई फटकन म्हणाल्या, "पोरीले खाऊ तं दे वं!" जसं काही मी तिच्या तोंडातून काढून घेतली! तृप्तीने उत्तर दिलं, एक पूर्णांक एक पंचमांश. आणि जिलेबी ताटलीत परत ठेवली. नको म्हणे.

बुऱ्हाणपुरात जन्मलेलं पोर, आणि मावा जिलेबी नको! सुलभाताईंकडे काहीतरी अरबटचरबट खाऊन आली असणार.

१२ ऑक्टोबर

हल्ली आरशाकडे पाठ करून वेणी घालून घेते. एकेक नखरे!

२८ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळी झाली एकदाची. रांगोळीही धड झाली नाही. तृप्ती दारात मोर काढत होती. मी एवढंच म्हटलं, अर्धा काढलास ना, आता उरलेला अर्धा आरशात दिसेल तसा काढ बरं. रांगोळीचा डबा बंद केला आणि उठली. "तूच काढ." लोकांच्या दारात मोर, आमच्या दारात अर्धा मोर.

काय झालंय हिला? आधी शाळेतून आली की तोंड थांबायचं नाही. बाई काय बोलल्या, कोण पडलं, कुणाच्या डब्यात काय होतं. आता हूं, नाही, ठीक. निलेशच्या गाडीवर मागे बसते ती डोळे मिटून, आणि मी पुढच्या गाडीच्या नंबराची बेरीज विचारली की म्हणते दिसला नाही. नक्की मोहितने परीक्षेची धास्ती घातलीय. त्या क्लासमधलं भूत आमच्या घरात!

मी स्वतः या परीक्षेला बसले होते. माहेरी अण्णा पहाटे चारला उठवायचे, पाढा चुकला की पट्टी. परीक्षेच्या सकाळी ओकले मी, अर्धा पेपर कोरा सोडून आले. तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या लेकरावर असलं काही नाही. जागा मिळावी, खूप वाटतं, खोटं कशाला लिहू? पण पोर माझ्याशी बोलेनाशी झाली तर ती जागा काय चुलीत घालायची?

६ नोव्हेंबर

सुलभाताईंशी भांडले. म्हटलं मोहितला आवरा, माझी पोरगी त्याच्यामुळे सुकत चाललीय. त्या नुसत्या बघत राहिल्या. तेच जास्त झोंबलं.

११ नोव्हेंबर

बरं वाटलं आज. कालपासून तृप्ती संध्याकाळी पल्लवीकडे खेळायला जाते. परत आली ती गाणं म्हणत! चहाचा अर्धा तास आता तिच्या येण्यानंतर घेऊ. खेळलंच पाहिजे पोरांनी, मी सांगत नव्हते?

१८ नोव्हेंबर, मंगळवार

भाजी घेताना पल्लवीची आई भेटली. विचारते, तृप्ती बरी नाही का, किती दिवस झाले आली नाही आमच्याकडे? घरी नाही, शाळेत नाही, आमचा अख्खा लालबाग मोहल्ला पालथा घातला. शेवटी सुलभाताईंच्या तोंडून निघालं, मोहितने त्यांना कालच सांगितलं होतं. क्लासमध्ये आहे!

जिना चढून गेले. चाळीस पोरं, कोंबलेली. तृप्ती अगदी मागच्या बाकावर, मोहितची जुनी वही पुढ्यात. शेजारच्या मुलीशी कुजबुजत होती आणि हसत होती. मला पाहिलं आणि हसू गेलं.

पंडित सर बाहेर आले. "मैडम, मैं तो समझा आपने ही भेजा है." आपने! मी! भर सभेत क्लासविरुद्ध बोलणारी! चाळीस पोरांसमोर नाक कापलं गेलं. हाताला धरून खाली आणली. कुणी पाठवलं? सुलभाकाकूंनी? मोहितने? जेवली नाही. मीही नाही.

काय कमी केलं मी? कधी हात उगारला नाही. पहाटे उठवलं नाही. रोज फक्त अर्धा तास!

१९ नोव्हेंबर

सकाळी वेणी घालताना शांतपणे विचारलं. सर माझ्यापेक्षा छान शिकवतात का? नाही. मी रागावते? नाही. मग असं काय आहे तिकडे, जे घरी नाही?

आरशाकडे पाठच होती. "मम्मी, तिकडे सात वाजता छुट्टी होते."